नाटकाआधी नोकरी लागल्यास अपात्र

मावशींचा आवाज सगळ्या शहराने ऐकला होता आणि चेहरा जवळजवळ कोणीच पाहिला नव्हता. उभी नोकरी त्यांनी बस-स्थानकावरच्या एका काचेच्या खोलीत बसून "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" असं म्हणण्यात घालवली. त्यांनी लक्ष द्या म्हटलं की चहा पिणारे कप खाली ठेवायचे, भांडणारे थांबायचे आणि चुकीच्या गाडीत बसलेले पिशव्यांसकट खाली उड्या मारायचे. असा सगळा दरारा! निवृत्त होऊन घरी बसल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं, की घरात प्रवासी फक्त दोन, आणि दोघांपैकी एकही लक्ष देत नाही.

त्यातले एक म्हणजे काका, मावशींचे यजमान. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागातून निवृत्त. जन्मभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून त्यांच्या जिभेला एकच वळण लागलं होतं. नळ गळतोय? "नोंद घेतली आहे." पाहुणे दारात उभे आहेत? "नोंद घेतली आहे." एकदा मावशींचा जिन्यावर पाय घसरला, तेव्हाही वर्तमानपत्रामागून हेच उत्तर आलं. त्यानंतर काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

दुसरा प्रवासी मौनी, त्यांचा मुलगा. त्याला एक चांगलं भारदस्त नावही आहे, पण ते पदवीच्या प्रमाणपत्राबाहेर कधी पडलं नाही. मौनी हुशार. लेखी परीक्षा म्हणजे त्याच्या हातचा मळ. पण समोर टेबल, टेबलामागे तीन माणसं आणि तिघांच्या हातात पेनं असं दृश्य दिसलं, की पोराच्या तोंडाचं शटर खर्रकन खाली.

"काय विचारलं आज?" मावशींनी त्याला दारातच गाठलं.

"नाव."

"मग?"

मौनीने बूट काढले. कोपऱ्यात नीट लावले. एक जरा तिरका वाटला, तो सरळ केला.

"अरे, नाव तरी सांगितलंस ना?"

मौनीने विचार केला. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तसं म्हटलं तर बोलणंच नव्हतं.

"अर्धं," तो म्हणाला.

ही बातमी जिन्यातून वर चढायला कितीसा वेळ लागणार? वरच्या मजल्यावरच्या वहिनी सल्ला घेऊन हजर. वहिनींकडे सल्ला नेहमी ताजा असतो, उकळी फुटल्या फुटल्या उतरवलेला.

"पोहायला घाला त्याला. माझ्या जावेचा मुलगा अस्साच होता घुम्या. पोहायला लागला आणि धडाधड बोलायला लागला."

"लागली का नोकरी त्याला?"

"नाही ना! पण नाही लागली हे किती छान सांगतो!"

मावशींनी वहिनींना चहा पाजून वर पाठवलं आणि तिथल्या तिथे निर्णय घेतला. पोहणं नाही, नाटक! नाटकाने माणूस धीट होतो, आवाज मोकळा होतो, चारचौघांत उभं राहता येतं. मावशी स्वतः कधी रंगमंचावर चढल्या नव्हत्या. म्हणूनच त्यांना इतकी खात्री होती. आणि करायचंच तर एकट्या मौनीसाठी कशाला? शहरात बेकार पोरापोरींचा काय तोटा होता? सगळ्यांना घेऊ, नाटक बसवू, सगळ्यांना नोकऱ्या लावू. काचेच्या खोलीत बसायची सवय झालेल्या माणसाला जग नेहमी असंच सुटसुटीत दिसतं.

नाटकही त्यांनीच लिहिलं. नाव 'मुलाखत'. एक होतकरू तरुण मुलाखतीला जातो, तीन साहेब त्याचा पाणउतारा करतात, शेवटी तो टेबलावर मूठ आपटून दीड पान बोलतो आणि साहेब रडत रडत त्याला नोकरी देतात. साहेब रडतील की नाही यावर काकांचं मत विचारण्यात आलं. त्यांनी नोंद घेतली.

तालमीसाठी इमारतीची गच्ची हवी होती, म्हणजे सेक्रेटरी आले.

"गच्चीवर आवाज चालणार नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, नाटक आहे. आवाज होणारच."

"मग मूकनाट्य करा. आमची काहीच हरकत नाही."

शेवटी सेक्रेटरींच्या बेकार भाच्याला घ्यायचं आणि पाण्याच्या टाकीला कोणी टेकायचं नाही, या बोलीवर गच्ची मिळाली. हा भाचा म्हणजे फेकू. त्याला सगळ्या मंत्र्यांचे घरचे नंबर पाठ होते. लावून मात्र कधी दाखवले नव्हते.

मग कोणीतरी सांगितलं, की रोजगार कार्यालयात 'रंगभूमीतून रोजगार' अशी एक योजनाच आहे. सभागृह मिळतं, दिवे मिळतात, आणि पहिल्या रांगेत दुकानदार-कारखानदार बोलावून बसवतात. नाटक आवडलं की तिथेच नेमणूक! मावशी ऐटीत कार्यालयात गेल्या. तिथल्या साहेबांनी आधी चष्मा पुसला, मग टेबल पुसलं, मग मावशींकडे पाहिलं.

"कलाकार किमान दहा. सगळे बेकार हवेत."

"बेकारच आहेत! एकापेक्षा एक बेकार आहेत."

"आज असून उपयोग नाही. प्रयोगाच्या दिवशी असले पाहिजेत. मधे कोणाला नोकरी लागली, तर तो अपात्र."

मावशींना वाटलं आपण चुकून उलटं ऐकलं. "अहो साहेब, पण नोकरी लागावी म्हणूनच नाटक ना?"

"बरोबर. नाटक बघून लागली पाहिजे. नाटकाआधी लागली तर ती योजनेत कशी धरणार?" साहेबांनी अशा सुरात विचारलं, जसं काही मावशीच लोकांना परस्पर नोकऱ्या वाटत सुटल्या आहेत. "आणि दहापेक्षा कमी झाले तर प्रयोग रद्द. संस्थेचं नाव कायमचं काळ्या यादीत. कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावतो आम्ही."

"नाही हो, यांना कोण देतंय नोकरी!" मावशी हसत हसत म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

तालमी सुरू झाल्या. मुख्य साहेबाचं काम फेकूला, होतकरू तरुणाचं एका इंजिनिअरला. आईच्या कामाला एक मुलगी होती, जी जरा खुट्ट झालं की रडायची. मावशी तिला टिपूबाई म्हणायच्या. एक पहिलवान होता, तो दुसरा साहेब. आणि मौनी? मौनी शिपाई. त्याला वाक्य एकच: "पुढचे या." तेही त्याला जमेना. तो दार उघडून इतक्या करुण चेहऱ्याने बघायचा, की पुढचे आपोआप यायचे.

"पोटातून, पोटातून आवाज काढा!" मावशी ओरडायच्या. "शेवटच्या फलाटावरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे!"

शेवटच्या फलाटाचं माहीत नाही, पण समोरच्या फर्निचरच्या दुकानात ऐकू गेलं. फेकू मुख्य साहेब होऊन गरजत होता, "अशी संधी पुन्हा मिळणार नाही, विचार करा!" दुकानाचा मालक रस्ता ओलांडून, जिने चढून, धापा टाकत गच्चीवर आला. "हा कोण आहे? याच्यासारखा सेल्समन मी वर्षभर शोधतोय!" आणि फेकू गेला. डायलॉगच्या मधूनच गेला हो!

मावशींनी मोठ्या मनाने अभिनंदन केलं आणि नवा फेकू शोधला.

मग इंजिनिअर. तालमीत तो रोज दिव्यांच्या वायरी नीट करायचा, कारण त्याला संवादांपेक्षा वायरी लवकर पाठ व्हायच्या. एका मंगल कार्यालयाने त्याला उचलला. पहिलवान टेबल एका हाताने उचलून इकडचं तिकडे ठेवायचा. घरसामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस कोणाचं तरी कपाट न्यायला आला होता, तो कपाट आणि पहिलवान दोन्ही घेऊन गेला. टिपूबाईचं तर विचारूच नका. वहिनी सहज तालीम बघायला आल्या, आपलं दुखणं सांगत बसल्या, टिपूबाई ते ऐकून ढसाढसा रडली. वहिनींच्या डॉक्टरांना हे कळलं. "पेशंटचं इतक्या मनापासून ऐकणारी मुलगी मला रिसेप्शनवर हवीच," म्हणाले.

मावशींचा जीव कुठे दुखावला होता सांगू? अभिनयासाठी एकाही माणसाला नोकरी लागली नव्हती. एकालाही!

बरं, गावभर काय पसरलं? की मावशींच्या गच्चीवर गेलं की नोकरी लागते. सकाळपासून जिन्यात रांग. एक आई मुलाचा हात धरून आली आणि म्हणाली, "नाटकबिटक नको हो, नुसता थोडा वेळ उभा करा याला गच्चीवर." जो येईल तो पहिला प्रवेश शिकायचा आणि दुसरा प्रवेश यायच्या आत नोकरीला लागायचा. दुसऱ्या प्रवेशापर्यंत नाटक कधी पोचेचना. मावशी सकाळी उठून पहिला प्रश्न विचारू लागल्या, "आज कोणाला लागली?" आणि नाही म्हटलं की हुश्श करू लागल्या. एका मुलाला तर मुलाखतीला जाताना त्यांनी जिन्यात अडवून सांगितलं, "फार तयारी करू नकोस रे. स्वाभाविक राहा." मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. थोडी. पण त्याला नोकरी लागली तेव्हा ती लाज गेली आणि राग आला.

दर वेळी एक जण गळला की त्याची भूमिका रिकामी व्हायची, आणि ती कोणाला? गच्चीवर कायम असणाऱ्या एकाच माणसाला. मौनीची बढती होत गेली. शिपायाचा कारकून झाला, कारकुनाचा तिसरा साहेब, तिसऱ्याचा दुसरा, दुसऱ्याचा मुख्य. सगळे जात राहिले आणि शेवटी मौनी होतकरू तरुण झाला. सगळं नाटक पाठ असलेला तो एकटा. बोलायचा हळूच, पुटपुटल्यासारखा, पण दीड पान भाषणसुद्धा न अडखळता पुरं करायचा. गच्चीवर. टाकीकडे तोंड करून.

"जगाच्या पोरांना लागल्या हो नोकऱ्या," वहिनी जिन्यात थांबून म्हणाल्या, "घरचा तेवढा राहिला."

मावशी तडक गच्चीवर गेल्या आणि त्या दिवशी तालीम दुप्पट आवाजात घेतली.

आणि मग प्रयोगाच्या आदल्या दिवशी मौनीला मुलाखतीचं बोलावणं आलं. एका सरकारी कार्यालयात कारकुनाची जागा. दुसऱ्या दिवशी, दुपारी. म्हणजे बरोबर ज्या वेळी पडदा उघडायचा होता त्या वेळी. सरकारला नेमकी हीच वेळ कशी सापडते, यावर खरं तर एखादी वेगळी योजना काढायला हवी.

मौनी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "आई, कुठे जाऊ?"

मावशींनी चहा गाळायला घेतला. डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं: रिकामं स्टेज, चष्मा पुसणारे साहेब, फलकावर नाव, फलकासमोर वहिनी. दुसरीकडे काय होतं? अजून एक टेबल, अजून तीन माणसं, अजून एकदा अर्धं नाव.

"मुलाखती काय रे, येत राहतात," त्या म्हणाल्या.

मौनीने मान हलवली. म्हणजे पटलं म्हणून नव्हे. तो नेहमीच मान हलवायचा.

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. घडी घालून, बाजूला. हे इतकं दुर्मीळ होतं, की मावशींच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"अगं," काका म्हणाले, "हे सगळं कोणासाठी चाललं होतं?"

चहा कपाबाहेर सांडला. मावशींनी तो पुसला, पुन्हा पुसला, ओटा चकचकीत केला. मग कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "निळा शर्ट घाल. इस्त्री करून ठेवते. आणि तुझं काम मी करीन."

"तू?" मौनी म्हणाला.

"का? मी लिहिलंय ते. निवृत्त म्हणजे बेकारच की!"

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत फर्निचरवाले, डॉक्टर, मंगल कार्यालयवाले. सगळे आपापल्या नव्या माणसांना घेऊन आलेले, कारण त्यांना वाटलं हा आपलाच सत्कार आहे. कडेला साहेब, चष्मा पुसत. स्टेजवर तीन साहेबांच्या खुर्च्यांत आदल्या दिवशीच भरती झालेली तीन घाबरलेली पोरं. बाकीची सहा जणं गर्दी म्हणून उभी, एकमेकांना घट्ट धरून. दहावी मावशी.

मावशी आत आल्या. डोळ्यांवर दिवा पडला. आणि दिव्याच्या पलीकडे माणसं दिसली. खरी, जिवंत, दोन दोन डोळ्यांची माणसं, आणि ती सगळी यांच्याकडेच बघत होती. इतक्या वर्षांत हे कधी झालंच नव्हतं! लोक लाउडस्पीकरकडे बघायचे, मावशींकडे नाही.

"नाव काय तुमचं?" मुख्य साहेब झालेल्या पोराने विचारलं.

मावशींनी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. जीभ होती, पण ती लाकडाची झाली होती. पोराने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग त्याने मावशींनीच लिहिलेलं पुढचं वाक्य भीत भीत म्हटलं, "काय हो, घरात कोणी बोलायला शिकवलं नाही का?"

मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पहिल्या रांगेतून टिपूबाईचा हुंदका आला. अर्थातच.

आणि मग फेकू उठला. त्याला ते दु:ख बघवेना, शिवाय गप्प बसणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्याने होतकरू तरुणाचं नाव खणखणीत सांगितलं. पुढच्या प्रश्नाचं उत्तर इंजिनिअरने दिलं. मग पहिलवान, मग टिपूबाई रडत रडत. आणि कधी ना कधी गच्चीवर उभे राहून गेलेले सगळे! प्रत्येकाला पहिला प्रवेश पाठ होता. तो संपल्यावर कोणालाच पुढचं येत नव्हतं, म्हणून त्यांनी पहिलाच पुन्हा सुरू केला, आणखी मोठ्याने. प्रेक्षकांनी टाळ्यांनी छप्पर उडवलं. तोंड उघडं ठेवून उभ्या असलेल्या मावशींच्या अभिनयाचं तर डॉक्टरांनी विशेष कौतुक केलं.

साहेबांनी मात्र चष्मा लावला. "सर्व उत्तरं नोकरीत असलेल्या व्यक्तींनी दिली आहेत," ते म्हणाले. "म्हणजे सर्व उत्तरं अपात्र आहेत."

संध्याकाळी मौनी घरी आला तेव्हा मावशी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"मला बोलताच आलं नाही रे," त्या भिंतीला म्हणाल्या.

"हो," मौनी म्हणाला. "तसंच होतं."

तो पलंगाच्या कडेला बसला. मग मावशींनी वळून विचारलं, "तुझं काय झालं?"

"तिघं होते. फार वाईट काम करत होते, आई. मी तिन्ही भूमिका केल्यात ना, लगेच कळतं. मधल्यांचा आवाज पोटातून येतच नव्हता. उजवीकडचे साहेब प्रश्नच विसरले. नुसतेच पेन फिरवत बसले."

"मग?"

"मग मी हळूच सांगितला त्यांना पुढचा प्रश्न. 'तुमच्यातले दोष सांगा.' ते म्हणाले, हां हां, तुमच्यातले दोष सांगा. मग मी सांगितले. मग डावीकडचे अडले. शेवटी सगळे प्रश्न मीच सांगितले आणि उत्तरंही मीच दिली. जाताना म्हणाले, आमची मुलाखत इतकी व्यवस्थित कधीच झाली नव्हती."

मावशी उठून बसल्या. मौनी एका दमात इतकं बोलला होता, की काका आतल्या खोलीतून कोण पाहुणा आलाय ते बघायला बाहेर आले.

नोकरी लागली. कोणत्या कार्यालयात? रोजगार कार्यालयात! तिथे खूप दिवस कारकुनाची जागा रिकामी होती, कारण भरायला त्यांना माणूस मिळत नव्हता.

थोड्याच दिवसांत मावशींना योजनेचा निकाल ऐकायला बोलावणं आलं. निकाल संबंधितांना मोठ्याने वाचून दाखवायचा, असा तिथला नियम. खोलीत साहेब, आणखी दोन अधिकारी, बाकांवर इतर अर्जदार, आणि टेबलाशी निळा शर्ट घालून उभा राहिलेला नवा कारकून. साहेबांनी खूण केली. कारकुनाने घसा साफ केला.

"सदर महिलेने चालवलेल्या उपक्रमातून," मौनी वाचू लागला, "योजनेच्या नियमांनुसार रोजगार मिळालेल्या व्यक्तींची संख्या शून्य आहे. सबब, सदर उपक्रम अयशस्वी ठरवून सदर महिलेचे नाव काळ्या यादीत घेण्यात येत आहे."

आवाज स्वच्छ होता. पोटातून येत होता. एकही अक्षर गिळलं नाही, एकही शब्द अर्धा राहिला नाही. सदर महिला पदराने डोळे पुसत होती. बाकावरची एक बाई हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका हो."

"सदर महिलेची काही हरकत?" साहेबांनी विचारलं.

"आहे," मावशी उभ्या राहिल्या. "शून्य म्हणायच्या आधी जरा थांबायला हवं होतं. आणि मागच्या बाकावर नीट पोचलं नाही."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने साहेबांकडे पाहिलंच नाही.

"पुन्हा वाचू?" त्याने विचारलं.

"वाच," मावशी म्हणाल्या, आणि लक्ष देऊन ऐकायला खाली बसल्या.